नायट्रिक ऑक्साइड ‘दिसला’ असे लिहिण्यापूर्वी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

झड लागली की आपल्या कृषी पानावर पिवळ्या पडलेल्या सोयाबीनचे फोटो येतात आणि सोबत सल्लाही असतो: चर काढून पाणी बाहेर काढा, वाफसा येईपर्यंत रानात पाय घालू नका. तो सल्ला बरोबरच आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पत्राचे कारण वेगळे आहे. आमच्या विभागात शिकणाऱ्या एका मुलीच्या वडिलांनी मला विचारले, “मॅडम, नायट्रिक ऑक्साइड सोडणारं एक औषध असतं म्हणे. बियाण्याला चोळलं की सोयाबीन पाण्यात तग धरतं. ते कुठं मिळेल?” ही बातमी त्यांच्यापर्यंत पोचली होती ती एमएस्सीच्या प्रकल्पांमधून. मी लातूर जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात वनस्पतींचे शरीरक्रियाशास्त्र शिकवते, त्यामुळे त्यांना उत्तर देणे माझे कामच होते. ते उत्तर इथे जरा विस्ताराने लिहिते आहे, कारण असे प्रकल्प आता गावोगावच्या महाविद्यालयांत होत आहेत आणि ते ज्या पद्धतीने होत आहेत त्याची मला मनापासून काळजी वाटते.

नायट्रिक ऑक्साइड म्हणजे नायट्रोजनचा एक अणू आणि ऑक्सिजनचा एक. खताच्या रानातून निघणारा आणि हवामानबदलाच्या चर्चेत येणारा नायट्रस ऑक्साइड तो वेगळा. नायट्रिक ऑक्साइड गाडीच्या धुरात असतो, वीज कडाडली की हवेतही तयार होतो, आणि आपल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात तर सतत तयार होत असतो. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेटची गोळी अनेक घरांत असते; ती शरीरात हाच रेणू मोकळा करते आणि रक्तवाहिन्या सैलावतात. रक्ताभिसरणातले त्याचे निरोप्याचे काम उलगडल्याबद्दल 1998 साली फर्चगॉट, इग्नॅरो आणि मुराद यांना नोबेल मिळाले.

त्याच 1998 मध्ये वनस्पतींच्या बाजूनेही मोठी गोष्ट घडली. डेलेडोने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या पेशींवर काम करून दाखवले की रोगकारक जिवाणू आला की वनस्पती नायट्रिक ऑक्साइडचा वापर करते आणि रोग शिरलेल्या जागेभोवतीच्या पेशी मरून जातात, म्हणजे रोग तिथेच अडतो. तंबाखूवरच्या विषाणूबाबत असेच काम त्याच वर्षी दुसऱ्या एका गटाने प्रसिद्ध केले. पुढे कळत गेले की पाणी कमी पडल्यावर पर्णरंध्रे मिटण्यात याचा हात आहे, मुळांना फाटे फुटण्यात आहे, लिलीची परागनलिका कुठे वळायची हे ठरवण्यातही आहे. रेणू लहान, विद्युतभार नसलेला, त्यामुळे पेशीच्या पडद्यातून सहज आरपार जातो. आणि टिकत नाही. प्रमाण जितके जास्त तितका तो ऑक्सिजनशी लवकर संयोग पावून संपतो. अभ्यास करणाऱ्याची सगळी कसोटी इथेच लागते: ज्याला पकडायचे तो पकडण्याआधीच दुसरे काहीतरी होऊन बसतो.

या विषयाचा इतिहास आपल्या सोयाबीनच्या पानातून जातो, हे आमच्या मुलांना कोणी सांगत नाही याचे मला वाईट वाटते. एमएस्सीला एक प्रॅक्टिकल वर्षानुवर्षे आहे: पानाच्या चकत्यांमधून नायट्रेट रिडक्टेज या एन्झाइमची क्रिया मोजणे. हे एन्झाइम मुळांनी घेतलेल्या नायट्रेटचे नायट्राइट करते. कॉर्कबोअररने पानाच्या चकत्या काढायच्या, फॉस्फेट बफरमध्ये पोटॅशियम नायट्रेट आणि थोडे प्रोपॅनॉल घालून त्यात त्या बुडवायच्या, निर्वात पंपाने पानातली हवा काढायची, की तरंगणाऱ्या चकत्या गडद होऊन तळाला बसतात. मग बाटली काळ्या कागदात गुंडाळून कोमट पाण्यात ठेवायची. अंधार यासाठी, की नायट्राइटला पुढे अमोनियापर्यंत नेणारे हरितलवकातले एन्झाइम उजेडाच्या जोरावर चालते. अंधारात ते थंडावते आणि नायट्राइट साचून बाहेरच्या द्रावणात उतरते. त्यातले थोडे द्रावण काढून आधी सल्फानिलामाइड, मग नॅफ्थिल इथिलीन डायअमाइन घातले की काही मिनिटांत ते गुलाबी होते. 540 नॅनोमीटरला ओडी घ्यायची, म्हणजे द्रावण किती प्रकाश शोषते ते मोजायचे, आणि ठाऊक प्रमाणाच्या द्रावणांवरून काढलेल्या स्टँडर्ड ग्राफवरून नायट्राइट काढायचे. हीच ग्रिसची परीक्षा. पॅथॉलॉजी लॅबमध्ये लघवीच्या पट्टीवर जंतुसंसर्गासाठी जो नायट्राइटचा चौकोन असतो, त्यामागेही हीच रासायनिक क्रिया आहे.

1981 साली अमेरिकेत हार्पर यांनी नेमका हाच प्रयोग सोयाबीनच्या पानांवर करताना पाहिले की द्रावणातून नायट्रोजनचे ऑक्साइड वायुरूपाने बाहेर पडत आहेत. म्हणजे तयार झालेल्या नायट्राइटचा काही भाग हवेत निघून जात होता आणि मोजणीत कमी येत होता. त्याआधी 1979 मध्ये क्लेपर यांनी तणनाशक मारलेल्या सोयाबीनमधून असे वायू निघताना नोंदवले होते. मग वाद सुरू झाला. 1984 मध्ये मल्व्हेनी आणि हेगमन यांनी दाखवले की या प्रयोगात अ‍ॅसिटाल्डिहाइड ऑक्झाइम नावाचे वेगळेच संयुग तयार होते. मग 1986 मध्ये डीन आणि हार्पर यांनी पुन्हा काम करून सांगितले की नाही, नायट्रिक ऑक्साइड निघतोच. सोयाबीनचे एक उत्परिवर्तित वाण होते, ज्यात नायट्रेट न देताही चालू राहणारे नायट्रेट रिडक्टेज नव्हते. त्याच्या पानातून हा वायू निघत नव्हता. एन्झाइम गेले तर वायू गेला, असा तो पुरावा होता. बाटलीतून काहीतरी निघते आहे इथपासून ते काय आहे आणि कशामुळे निघते इथवर यायला पाच वर्षे लागली, आणि हे लोक पूर्णवेळ हेच करत होते. आमच्या मुलांकडे एक सत्र असते.

प्राण्यांमध्ये नायट्रिक ऑक्साइड बनवणारे नायट्रिक ऑक्साइड सिंथेज नावाचे एक ठरावीक एन्झाइम आहे, ते आर्जिनिन या अमिनो आम्लापासून तो तयार करते. वनस्पतींतही तसेच असणार, असे गृहीत धरून जगभर शोध चालला. 2003 साली दोन अत्यंत प्रतिष्ठित जर्नलांमध्ये ‘सापडले’ असे दोन स्वतंत्र दावे छापून आले. पहिला निबंध दुसऱ्याच वर्षी मागे घ्यावा लागला. दुसऱ्यातले प्रथिन अरॅबिडॉप्सिस या, मोहरीच्या कुळातल्या आणि प्रयोगशाळांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या लहान रोपातले होते. 2006 पासून त्यावर शंका येऊ लागल्या आणि 2008 मध्ये स्पष्ट झाले की ते जीटीपी या पेशीतल्या ऊर्जावाहक रेणूचे विघटन करणारे वेगळ्याच कामाचे प्रथिन आहे. त्याचे नावही बदलावे लागले. 2016 मध्ये हजाराहून अधिक भूवनस्पतींच्या जनुकीय नोंदी चाळल्या गेल्या; प्राण्यांसारखे एन्झाइम एकाही भूवनस्पतीत आढळले नाही, काही मोजक्या शैवालांत मात्र आढळले. तरीही आजच्या प्रकल्पांच्या प्रस्तावनेत ‘वनस्पतींमधील नायट्रिक ऑक्साइड सिंथेज’ असे बिनदिक्कत लिहिलेले मी वाचते. मार्गदर्शकाची सही त्याखाली असते.

आता प्रकल्पांविषयी. नव्या शैक्षणिक धोरणामुळे पदव्युत्तर अभ्यासक्रमात संशोधन प्रकल्प आला, हे चांगलेच झाले. पण नायट्रिक ऑक्साइडवरचा प्रकल्प म्हणजे काय, याचा एक साचा पडून गेला आहे. सोडियम नायट्रोप्रुसाइडची बाटली आणायची. त्याचे द्रावण रोपांवर फवारायचे किंवा त्यात बी भिजवायचे. मीठ टाकून, पाणी तोडून किंवा पाणी साचवून रोपांना ताण द्यायचा. मग उंची, ओले वजन, सुके वजन, हरितद्रव्य आणि प्रोलिन (ताणात रोपात साचणारे अमिनो आम्ल) मोजायचे. फवारलेली रोपे थोडी बरी दिसली की निष्कर्ष तयार: नायट्रिक ऑक्साइडमुळे ताण सहन करण्याची क्षमता वाढली. नायट्रिक ऑक्साइड रोपात गेला का, किती गेला, किती वेळ राहिला, यातले काहीही मोजलेले नसते.

नायट्रोप्रुसाइडचे माणकासारखे लाल स्फटिक असतात. रुग्णालयात एकदम चढलेला रक्तदाब उतरवायला त्याचे सलाइन लावतात आणि ती बाटली उजेडापासून झाकून ठेवतात, कारण उजेडात हा पदार्थ फुटतो. त्याच्या एका रेणूत नायट्रिक ऑक्साइडचा एक गट असतो आणि सायनाइडचे पाच. मध्यभागी लोह. म्हणजे रोपावर जे पडते त्यात नायट्रिक ऑक्साइडसोबत सायनाइड आहे, लोह आहे. सायनाइड श्वसनावर परिणाम करते, बियांच्या उगवणीवरही करते. मग रोप सुधारले ते कशाने? हे ओळखायचे तर सोबत तेवढ्याच तीव्रतेच्या फेरिसायनाइडची, म्हणजे लोह आणि सायनाइड असलेल्या पण नायट्रिक ऑक्साइड नसलेल्या पदार्थाची, रोपे हवीत. नायट्रोप्रुसाइडचेच द्रावण उजेडात ठेवून त्यातला नायट्रिक ऑक्साइड उडवून दिलेली रोपे हवीत. निव्वळ नायट्राइटची आणि नायट्रेटचीही हवीत, कारण नायट्रिक ऑक्साइड शेवटी त्यांच्यातच बदलतो आणि नायट्रेट म्हणजे खत आहे. या तुलना नसतील तर प्रकल्पाच्या शीर्षकात ‘नायट्रोप्रुसाइडचा परिणाम’ एवढेच लिहिणे प्रामाणिक ठरेल. त्या पालकांनाही मी हेच सांगितले: ज्या पदार्थात सायनाइड आहे तो बियाण्याला चोळू नका, घरात तर आणूच नका.

थोडे पैसे असलेल्या विभागात डीएएफ नावाचा रंजक येतो. पानाचा पातळ काप त्यात ठेवून फ्लुओरेसन्स सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की हिरवी चमक दिसते. फोटो देखणा येतो, आणि तो प्रबंधात चिकटवला की परीक्षक फारसे काही विचारत नाहीत. पण हा रंजक नायट्रिक ऑक्साइडला थेट धरत नाही. त्याचे ऑक्सिजनशी मिळून जे पुढचे रूप होते त्याच्याशी संयोग पावतो. ऑक्सिजन कमी असलेल्या मुळात, म्हणजे पाणी साचलेल्या सोयाबीनमध्ये, नायट्रिक ऑक्साइड भरपूर असूनही चमक कमी येऊ शकते. उलट क जीवनसत्त्वाच्या कुळातले पदार्थ, पेरॉक्सिडेज आणि हायड्रोजन पेरॉक्साइड, द्रावणाची आम्लता, मरणाऱ्या पेशींची स्वतःची चमक, या सगळ्यांमुळे ती फसवी वाढू शकते. 2012 मध्ये तंबाखूच्या पेशींवर असे दाखवले गेले की चमकणारे पदार्थ तयार झाले, पण नायट्रिक ऑक्साइडमुळे जो पदार्थ व्हायला हवा तो त्यांत नव्हता. नायट्रिक ऑक्साइड टिपून घेणारा सीपीटीआयओ घालून चमक कमी होते का पाहणे, हा नेहमीचा पडताळाही सरळ नाही. तो टिपताना जे नवे ऑक्साइड तयार करतो त्यांनी चमक कधी कधी वाढते.

सर्वांत भरवशाची पद्धत ओझोनची. पानावरून हवा वाहू द्यायची, ती यंत्रात ओझोनशी मिसळायची. नायट्रिक ऑक्साइड असेल तर क्रियेतून प्रकाश निघतो आणि तो मोजता येतो. हवेच्या अब्ज भागांतला काही भाग एवढे सूक्ष्म प्रमाणही कळते. अर्थात पानाच्या आत तयार होऊन आतच संपलेला वायू या यंत्रालाही दिसत नाही, आणि कुंडीसकट रोप ठेवले तर मातीतल्या जिवाणूंनी सोडलेला वायूही त्यात मोजला जातो. म्हणूनच दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती जनुक संशोधन संस्थेतले कपुगंटी जगदीस गुप्ता आणि कॅनडातले इगामबेर्डिएव्ह यांनी 2013 मध्येच लिहून ठेवले आहे की नायट्रिक ऑक्साइड मोजताना किमान दोन वेगवेगळ्या पद्धती वापरा. हे मार्गदर्शन करणारा शास्त्रज्ञ आपल्याच देशात बसला आहे, त्याचा निबंध फुकट वाचता येतो, आणि आमच्या प्रकल्प समित्या तो विद्यार्थ्यांच्या हाती देत नाहीत, हे मला समजत नाही.

मग सोयाबीनच्या पाण्याचे काय? तिथेही गोष्ट एका फवारणीत मावणारी नाही. पेशीत प्रथिनांचा एक गट असतो, जो ऑक्सिजन कमी झाल्यावर रोपाला तगवणारी जनुके चालू करतो. एरवी ऑक्सिजन आणि नायट्रिक ऑक्साइड दोन्ही असले की ही प्रथिने तयार होताच मोडली जातात. 2019 मध्ये नेदरलँड्समधल्या उट्रेख्ट इथल्या गटाने अरॅबिडॉप्सिसमध्ये दाखवले की रोप पाण्याखाली गेले की रोपातच तयार होणारा इथिलीन वायू बाहेर पडू शकत नाही, आत साचतो; त्यामुळे फायटोग्लोबिन नावाचे प्रथिन वाढते, ते नायट्रिक ऑक्साइड संपवते, आणि तगवणारी प्रथिने शिल्लक राहतात. ऑक्सिजन प्रत्यक्ष संपण्याआधीच रोप तयारीला लागते. म्हणजे या टप्प्यावर नायट्रिक ऑक्साइड कमी होणे रोपाच्या हिताचे. पुढे ऑक्सिजन खरोखर संपत आला की मुळांतली मायटोकाँड्रिया, म्हणजे पेशीतली ऊर्जा बनवणारी केंद्रे, नायट्राइटपासून नायट्रिक ऑक्साइड बनवतात आणि त्या आधारे थोडी ऊर्जा मिळवत राहतात. तिथे तो उपयोगी. पाणी साचून तासभर झाला आहे की तीन दिवस, यावर एकाच रेणूचे काम बदलते. पाणी साचण्याच्या नेमक्या कोणत्या घटकेला औषध द्यायचे, आणि ते मुळात पोचून किती मिनिटे टिकणार, याचे उत्तर नसताना ‘बियाण्याला चोळा’ म्हणणे शेतकऱ्याशी अन्याय आहे.

साधी साधने असलेल्या महाविद्यालयाने हा विषय सोडून द्यावा, असे माझे म्हणणे अजिबात नाही. उलट आमच्याकडे जे आहे त्यात खूप करता येते. ज्या प्रयोगातून हा वायू लक्षात आला तोच प्रयोग आमच्या टेबलावर आहे. चांगल्या निचऱ्याच्या कुंडीतले सोयाबीन आणि बुडवून ठेवलेल्या कुंडीतले सोयाबीन, दोन्हींच्या पानांत आणि मुळांत नायट्राइट किती, नायट्रेट रिडक्टेज किती चालते, बुडवल्यावर तासातासाने हे कसे बदलते, हे ग्रिसच्या गुलाबी रंगावरून नीट मोजता येते. चकत्या नेहमी एकाच वेळी तोडायच्या, कारण उजेडाबरोबर हे एन्झाइम चालू-बंद होते. सकाळी आठची आणि दुपारी दोनची पाने एका तक्त्यात घालून चालत नाही. उकळल्याने एन्झाइम निकामी झालेल्या चकत्यांची एक बाटली तुलनेसाठी ठेवायची. मोलिब्डेनमऐवजी टंगस्टेट दिलेली, म्हणजे हे एन्झाइम निकामी झालेली रोपे ठेवता येतात, फक्त टंगस्टेटचे इतरही परिणाम असतात हे लिहून. अशा प्रकल्पात नायट्रिक ऑक्साइड ‘दिसणार’ नाही, पण जे मोजले ते खरे असेल, आणि पुढे कोणाला त्यावर पाय रोवून उभे राहता येईल. आमच्या एका विद्यार्थिनीच्या बुडवलेल्या मुळांच्या बाटल्या साध्या मुळांच्या बाटल्यांपेक्षा डोळ्यांना कळेल इतक्या गडद गुलाबी झाल्या, तेव्हा तिने आधी ब्लँक (रोपाचा भाग नसलेली तुलनेची बाटली) पुन्हा लावला आणि मगच आनंद मानला. असा स्वभाव घडणे हेच या प्रकल्पांचे काम आहे.

आपल्या दैनिकामार्फत मला तीन ठिकाणी विनंती करायची आहे. पहिली राज्यातल्या विद्यापीठांना: मध्यवर्ती उपकरण केंद्रात ओझोन पद्धतीचे एक तरी यंत्र ठेवा आणि आठवड्यातला एक दिवस तालुक्याच्या महाविद्यालयांसाठी राखा. एकेका विभागाने महागडा रंजक आणून तो फ्रीजमध्ये वाया घालवण्यापेक्षा ते सर्वांच्या उपयोगी पडेल. दुसरी विनंती प्रकल्पांच्या परीक्षकांना: फोटो पाहण्याआधी तुलनेच्या रोपांविषयी विचारा, आणि ‘परिणाम आढळला नाही’ असा निष्कर्ष आणणाऱ्या मुलाचे गुण कापू नका. गुण जातात म्हणूनच मुले परिणाम ओढूनताणून आणतात. तिसरी आपल्या कृषी पानाला: एखाद्या रसायनाने पिकाची सहनशक्ती वाढली अशी बातमी आली, तर ते काम कुंडीतले की रानातले, किती हंगामांचे, आणि रोपात नेमके काय मोजले, या प्रश्नांची उत्तरे बातमीतच छापा.

नायट्रेट रिडक्टेजच्या या प्रयोगाची पद्धत, बफर कसा करायचा इथपासून ग्राफ कसा काढायचा इथपर्यंत, आम्ही विभागात मराठीत लिहून ठेवली आहे. पेरणीनंतर महिनाभरात सोयाबीनची पाने चकत्या काढण्याजोगी होतात. त्या सुमारास ज्या शिक्षकांना आपल्या विद्यार्थ्यांसह येऊन हा प्रयोग करून पाहायचा असेल, त्यांनी या दैनिकाच्या कार्यालयाकडे कळवावे. माझा पत्ता तिथे दिलेला आहे. येताना आपल्या भागातले, पाणी साचणाऱ्या रानातले एखादे रोप मुळासकट, ओल्या फडक्यात गुंडाळून आणावे.

आपली,
वनस्पतिशास्त्राची एक प्राध्यापिका
जि. लातूर